साठीनंतर नुसतं फिरणं पुरत नाही: या चुका टाळा

बेळगावात टिळकवाडीतल्या वॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी गेलात की ओळखीची बरीच पांढरी डोकी भेटतात. "रोज चार फेऱ्या मारतोय की, आणि काय करू?" हे त्यांचं ठरलेलं बोलणं. फेऱ्या चांगल्याच. पण घरी एकदा हात छातीशी बांधून खुर्चीतून उठून बघा. हात टेकल्याशिवाय उठवत नसेल तर मांड्यांतली ताकद गेली आहे, आणि ती फेऱ्या वाढवून परत येत नाही.

नुसत्या फेऱ्यांवर भागवायचं, सगळ्यात मोठी चूक हीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितलाय. शिवाय किमान २ दिवस ताकदीचा आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचाही आहे. आपण १५० मिनिटं तेवढी लक्षात ठेवतो.

ताकदीसाठी जिम लागत नाही. भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. पाय जमिनीवर घट्ट, जरा पुढं वाका, उठा आणि बसताना सावकाश बसा. धप्पकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया. आठ-दहा वेळा, मग थोडं थांबून पुन्हा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. तोलासाठी स्वयंपाकघरातला ओटा बरा: त्याला धरून टाचा उचलायच्या, मग एका पायापुढं दुसरा पाय ठेवून उभं राहायचं. तोल जातोय वाटलं की धरायला ओटा आहेच.

आमच्या भागात तालमीची सवय असलेल्यांची चूक उलटीच. गावच्या जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान बघून आले की दुसऱ्या दिवशी जुन्या हिशेबानं जोर-बैठका. काका, मन विशीतलं असलं तरी सांधे सत्तरीचे आहेत. अंग दोन दिवसांनीही ठणकत असेल तर मात्रा जास्त झाली, निम्मी करा. सांधा सुजला तर तो व्यायाम बंद ठेवून दाखवून घ्या. जोर लावताना श्वास कोंडू नका, रक्तदाब एकदम चढतो. मोठ्यानं आकडे मोजत करा, श्वास आपोआप चालू राहतो.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी लांब फिरणं धोक्याचं. हातपाय थरथरले, घाम फुटला की थांबून साखर खा. गोळ्यांची वेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला. छातीत दडपल्यासारखं झालं, दम लागून बोलवेना, तर "गॅस असेल" म्हणत घरी चालत येऊ नका, थेट दवाखाना.

खाण्याकडंही बघा. दोन्ही वेळा नुसता भात-आमटी खाऊन स्नायू धरत नाहीत. भाकरीबरोबर मटकीची किंवा हुलग्याची उसळ, दही, चालत असेल तर अंडी असू द्यात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा.

राहिला पाऊस. जूनमध्ये खानापूरकडून झड सुरू झाली की फिरणं बंद, ते गणपतीपर्यंत. शेवाळलेल्या अंगणात फिरण्याचा हट्ट नकोच, पडलात तर खुबा जायचा. त्या दिवसांत घरातल्या घरात जागच्या जागी पावलं टाकायची, दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. खुर्ची आणि ओटा तर पावसातही घरातच असतात.