कॅबिनेट पुडिंग: शिळ्या केकचा वाफवलेला इंग्रजी गोड पदार्थ

१९व्या शतकात इंग्लंडमधल्या मेजवान्यांत कॅबिनेट पुडिंगला मान होता. स्पंज केक, सुकामेवा आणि अंड्याचं कस्टर्ड साच्यात भरून वाफवायचं, मग उलटं करून ताटलीत काढायचं. कृती सोपी आहे, पण घाईने केलेलं पुडिंग हमखास बिघडतं.

साहित्य (साधारण १ लिटरच्या साच्यासाठी): साधा स्पंज केक १५० ग्रॅम, बेदाणे ७५ ग्रॅम, थोड्या साखरेतल्या चेरी, दूध ४५० मिली, ३ अंडी आणि १ जास्तीचा बलक, साखर ४० ग्रॅम, व्हॅनिला, लोणी. केक आदल्या दिवशीचा घ्या. ताजा केक भिजला की लगदा होतो. बेदाणे आपले सांगली-तासगावचे छान लागतात.

साच्याला आतून सढळ हाताने लोणी लावा आणि तळाला बटर पेपरची गोल चकती बसवा. चकतीवर चेरीचे अर्धे तुकडे कापलेली बाजू वर ठेवून मांडा. उलटल्यावर हीच नक्षी वर येते, म्हणून इथे वेळ द्या. मग केकचे तुकडे आणि बेदाणे यांचे थर सैलसर रचा. दाबू नका, कस्टर्डला वाट हवी.

दूध साखर घालून कोमट करा, उकळू नका. अंडी फेस न आणता फेटा, त्यात दूध धारेने ओता, व्हॅनिला घाला आणि गाळून साच्यात सोडा. आता अर्धा तास थांबा. हा अर्धा तास टाळला तर केक मध्ये कोरडा राहतो आणि कस्टर्ड वेगळं दिसतं.

साच्याच्या तोंडावर लोणी लावलेला बटर पेपर, त्यावर फॉइल ठेवून दोऱ्याने बांधा. पातेल्यात जाळीवर साचा ठेवा, अर्ध्या उंचीपर्यंत गरम पाणी घाला, झाकण लावा आणि मंद आचेवर सुमारे तासभर वाफवा. कुकर वापरलात तर शिट्टी काढून ठेवा. पाणी खळखळू लागलं की कस्टर्डला जाळी पडते आणि पाणी सुटतं. ढोकळ्याला जाळी शोभते, इथे पोत मऊ, सलगच हवा. मधूनमधून पाणी बघा, कमी वाटलं तर गरमच घाला.

मध्यभागी सुरी घालून बघा, स्वच्छ निघाली की झालं. दहा मिनिटं निवू द्या, कडेने सुरी फिरवा, ताटली उपडी ठेवून साचा उलटा करा आणि चकती अलगद सोलून काढा. सोबत पातळ, गरम कस्टर्ड द्या.