ॲटिकमध्ये शिरलेलं रकून बाहेर कसं काढावं, आणि पुन्हा कसं येऊ देऊ नये

मार्च ते जूनच्या दरम्यान अमेरिकेत किंवा कॅनडात तुमच्या ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यात, रकून (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, रात्री फिरणारा प्राणी) शिरलं असेल, तर ती पिल्लं घेऊन बसलेली मादी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पुढचं प्रत्येक पाऊल हे धरूनच टाकायचं. न्यू जर्सीत काय, टोरांटोत काय, नवीन घर घेतलेल्या आपल्या माणसाचा पहिला विचार असतो : भोक दिसलं ना, ठोका फळी. नेमकं तेच करायचं नाही. आई बाहेर अडकली तर पिल्लांपायी ती छपराच्या शिंगल्स (कौलांसारखे चपटे तुकडे) उपटते, शेजारचा धड व्हेंटही (हवेचा झरोका) फोडते. आत अडकली तर वाट काढायला इन्सुलेशन (थंडी-उष्णता अडवणारा कापसासारखा थर) आणि सीलिंग उकरते. दोन्हीकडून खर्च आपलाच.

आधी खात्री करा

खार दिवसा पळते आणि तिची पावलं हलकी असतात. उंदीर भिंतीत खुडबुडतात. रकून अंधार पडल्यावर निघतं आणि पहाटेच्या सुमारास परततं. पाच ते दहा किलोंचा प्राणी, त्यामुळे डोक्यावर कुणीतरी चालत असल्यासारखी धपधप ऐकू येते. कोकणातल्या घरात माळ्यावर उदमांजर फिरताना ज्यांनी ऐकलंय त्यांना कल्पना येईल, हे त्याहून जड. एकाच कोपऱ्यातून बारीक किचकिच आणि कुरकुर येत असेल, तर पिल्लं आहेत असं समजा.

मग दिवसाउजेडी घराभोवती एक चक्कर मारा. छपरावर चढायची गरज नाही, फोनचा कॅमेरा झूम करून पुष्कळ दिसतं. खालचं छप्पर वरच्या सॉफिटला (छपराच्या बाहेर आलेल्या कडेची खालची बाजू) भिडतं तो कोपरा सगळ्यात आधी बघा, कारण तिथे छपरावर पाय रोवून सॉफिट वर ढकलायला सोपं जातं. नंतर प्लॅस्टिकचे व्हेंट, टोपी नसलेली चिमणी, कुजलेल्या फळ्या. जेमतेम चार इंचांची फट तिला पुरते. पावसाच्या पाण्याच्या पाइपावर चिखलाचे पंजे दिसले, तर ती तिथूनच चढते.

थांबता येत असेल तर थांबा

मादी साधारण 63 दिवस गाभण असते आणि बहुतेक पिल्लं वसंत ऋतूत जन्मतात, एका वेळी तीन ते पाच. आठ-दहा आठवड्यांची झाली की ती आईबरोबर रात्री बाहेर पडू लागतात. तेवढे दिवस कळ काढलीत तर अर्धं काम फुकटात होतं.

थांबणं शक्य नसेल तर तिला कंटाळा आणा

रकूनच्या मादीची परिसरात एकच जागा नसते. पोकळ झाड, शेजारची शेड, कुठलं तरी गटार अशा दोन-चार जागा तिच्या हाताशी असतात. सध्याची जागा धोक्याची वाटली, की ती एकेक पिल्लू मानगुटीला धरून रात्रीतून दुसरीकडे नेते. तिला हुसकावण्यापेक्षा तसं वाटायला लावणं सोपं.

त्यासाठी उजेड, आवाज आणि वास. ॲटिकच्या दारातूनच आत एक प्रखर दिवा ठेवा, शक्यतो एलईडी, कारण इन्सुलेशनजवळ तापणारा बल्ब नको. शेजारी रेडिओ लावा, पण गाण्यांचा नव्हे, गप्पा आणि बातम्यांचा. माणसाच्या आवाजाला ती जास्त बिचकते. ॲपल सायडर व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी बशीत ठेवा. हे सगळं दिवस-रात्र चालू हवं. एका रात्रीत चमत्कार होत नाही, काही रात्री द्याव्या लागतात.

डांबरगोळ्या आणि अमोनिया मात्र नकोत. त्यांची वाफ खाली बेडरूममध्ये उतरते आणि डोळे न उघडलेल्या पिल्लांना तर पळताही येत नाही. पिंजरा लावून "लांब जंगलात सोडून येऊ" हाही भाबडेपणाच. आई गेली की पिल्लं वर उपाशी मरतात आणि वास महिनाभर येतो. शिवाय असं नेऊन सोडणं अनेक राज्यांत बेकायदा आहे. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातही पकडलेला प्राणी एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो, म्हणजे तो रात्री पुन्हा तुमच्याच छपरावर.

गेली का, ते कसं ओळखायचं?

भोकात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबा. सलग तीन रात्री कागद जागचा हलला नाही आणि आत आवाज नाही, तर जागा रिकामी. कडक थंडीत ही युक्ती चालत नाही, कारण तेव्हा रकून दिवसचे दिवस बाहेरच पडत नाही.

पिल्लं नक्की नसतील, किंवा आईबरोबर हिंडण्याइतकी मोठी झाली असतील, तरच एकतर्फी दार लावायचं : बाहेर ढकलून जाता येतं, परत येता येत नाही अशी झडप. ती बसवायला माणूस बोलावलात तर कोटेशनच्या आधी एक प्रश्न विचारा, "पिल्लं सापडली तर काय करता?" हाताने काढून उबदार खोक्यात भोकाजवळ ठेवतो, आई रात्री येऊन नेते, असं उत्तर आलं तर माणूस कामाचा. "पिंजरा लावू" म्हणाला तर दुसरा शोधा.

पिल्लांना स्वतः हात लावू नका. चावा किंवा ओरखडा आला तर जखम साबणाने भरपूर धुवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अमेरिकेच्या पूर्व भागात रकूनमध्ये रेबीज आढळतो.

भोक बुजवणं

फोम, कापड, कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी, हे सगळं ती हाताने फाडते. अर्ध्या इंचाच्या घरांची, 16 गेज जाडीच्या तारेची गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) वेल्डेड जाळी घ्या. भोकाच्या चहूबाजूंनी काही इंच पुढे जाईल अशी कापा आणि कुजक्या फळीवर न ठोकता पक्क्या लाकडात स्क्रूने बसवा. खिळे ती उचकटते. व्हेंटवर पिंजऱ्यासारखं धातूचं कव्हर, चिमणीवर जाळीची टोपी. छपरावर झुकलेल्या फांद्या सहा-आठ फूट मागे छाटा.

वरची घाण

रकून एकाच जागी विष्ठा करतं आणि तिच्यात एका गोलकृमीची अंडी असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत इजा होऊ शकते. ताज्या विष्ठेतली अंडी दोन ते चार आठवड्यांनी संसर्गजन्य होतात, म्हणून सफाई लांबवू नका. एन-95 मास्क, हातमोजे, टाकाऊ कपडे. धूळ उडू नये म्हणून आधी हलकं पाणी फवारा, मग विष्ठा आणि खालचं इन्सुलेशन पिशवीत बंद करा. झाडू किंवा घरचा व्हॅक्यूम नको. ब्लीचने ही अंडी मरत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात. फावडं, बादली वगैरे त्यानेच धुवा. पसारा मोठा असेल तर व्यावसायिक माणसालाच द्या.

अंगण

कचऱ्याचा डबा आदल्या रात्री बाहेर न ठेवता सकाळी ठेवा. टोरांटोने 2016 पासून ओल्या कचऱ्याचे कुलूपवाले हिरवे डबे वाटले, तरी काही रकून ते उघडतातच, तेव्हा वरून पट्टा बांधा. मांजराचं खाणं आणि पक्ष्यांचे दाणे रात्री आत घ्या.

जाळी बसवल्यावर पहिल्या हिवाळ्यात, फेब्रुवारी सरायच्या आत, स्क्रू एकदा तपासून घट्ट करा. माद्या तेव्हा जागा शोधत फिरत असतात.