पाटणादेवीला जाताय? केदारकुंड आधी, दर्शन नंतर

पावसाळ्यात शनिवार-रविवारी गावी आलात, तर चाळीसगावहून पाटणादेवी गाठा. साधारण अठरा किलोमीटर. गौताळा अभयारण्याच्या कुशीतलं हे ठिकाण आपल्या खान्देशात असून आपणच कमी पाहतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सकाळी लवकर पोहोचा आणि थेट केदारकुंड धबधब्याची वाट धरा. मंदिर दुपारीही पाहता येतं, पण डोंगरात दुपारनंतर पाऊस कोसळला की डोंगरी नदी आणि ओढे बघता बघता फुगतात. पाणी गढूळ होऊ लागलं किंवा वरच्या बाजूला ढग दाटले, तर पात्र ओलांडू नका. पलीकडे असाल तर उंच जागी थांबा. शेवाळलेल्या दगडांवर चपला घालून जाऊ नका, पकड असलेले बूट हवेत.

जंगलात बिबट्या आहे, म्हणून अंधाराआधी परता. भाकरी, ठेचा, पाणी घरूनच न्या. माकडांना काही देऊ नका.

परतताना इथल्या पाटणा गावच्या शिलालेखाची गोष्ट मुलांना जरूर सांगा: भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला, इ.स. १२०७ च्या सुमारास.