ढाण्यावर, पोडावर, टोल्यावर (आदिवासी वस्त्यांवर) रक्त घ्यायला जाण्याआधी

सर्वेक्षण सिकलसेलचं (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असो की कुपोषणाचं, विदर्भातल्या आदिवासी गावात पहिली चूक होते ती वेळापत्रकात. निधी दिवाळीनंतर हातात पडतो आणि टीम मेळघाटात पोचते तेव्हा धारणी-चिखलदऱ्याच्या ढाण्यांवरची कामाची माणसं मजुरीला बाहेरगावी गेलेली असतात. ती परततात होळीला. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, म्हणून तो आठवडा सोडा. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात, त्यामागोमाग तेंदूपत्ता, मग पेरणी आणि रोवणी. उरते ती संध्याकाळ, तीही आठवडी बाजाराचा दिवस वगळून. सकाळी अकराला जीप लावली तर भेटतात म्हातारी माणसं आणि लेकरं. त्यांच्यावर काढलेला आकडा गावाचा नसतो.

दुसरी चूक भाषेची. माहितीपत्रक मराठीत केलं की काम झालं असं वाटतं. पण कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तर गोंडी, माडिया, कोलामी या द्रविड कुळातल्या. मराठीशी कुणाचंच रक्ताचं नातं नाही. पुरुष बाजारापुरतं मराठी बोलतात, घरातल्या म्हाताऱ्या बायका बहुधा तेवढंही नाही. म्हणून पत्रक त्या बोलीत तोंडी तयार करून घ्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ते तयार करण्यात नसलेल्या दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत सांगून घ्या. ‘तपासणी’चं ‘उपचार’ झालेलं इथेच सापडतं. दुभाषी म्हणून त्या घरातली सासू किंवा गावचा पोलीस पाटील नको. त्यांच्यासमोर सून नाही म्हणत नाही.

परवानगी दोनदा घ्यायची असते: आधी गावाची, मग माणसाची. गावाची म्हणजे सरपंचाची सही नव्हे. गटग्रामपंचायतीत चार-पाच गावं असतात आणि सरपंच भलत्याच गावचा असू शकतो. अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून घोषित) क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा (१९९६) आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा असते. तिथेच जा. गावपाटील, भुमका (गावचा वैदू-पुजारी) किंवा पुजारी, आशा आणि अंगणवाडी ताई यांना आदल्या आठवड्यात भेटा. पहिल्या बैठकीत फक्त सांगा आणि उठा. निर्णय दुसऱ्या बैठकीत, निदान आठवड्याने. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सर्वसहमतीने निर्णय घेतं, आणि सर्वसहमतीला वेळ लागतो. ज्या टीमला तेवढी सवड नसते, तिने जाऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ग्रामसभेने हो म्हटलं म्हणून कुणाच्या दंडाला पट्टा बांधता येत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात: समूहाची परवानगी माणसाच्या संमतीची जागा घेत नाही. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना टीमबाहेरचा साक्षीदार पूर्ण वेळ बसलेला हवा, शेवटी सहीपुरता बोलावलेला नको. सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या समजेल अशा शब्दांत विचारायचं, पालकांची संमती असली तरी. संमतीपत्राची प्रत त्यांच्याकडे राहते.

अंगठ्याआधी तीन प्रश्न विचारा. रक्त कशासाठी घेतोय? ते कुठे जाणार? नाही म्हणालात तर रेशन, दवाखाना बंद होईल का? तिसऱ्याला उत्तर ‘माहीत नाही’ किंवा नुसती मान हलवणं आलं, तर संमती झालेली नाही. परत सांगा, किंवा तो अंगठा घेऊ नका.

‘रक्त काढून विकतात’ ही शंका जवळपास प्रत्येक गावात निघते. तिला हसू नका. जांभळ्या झाकणाची रिकामी नळी सगळ्यांच्या हातात फिरवा. दोन मिली पाणी चहाच्या चमच्यात ओतून दाखवा, अर्धा चमचाही भरत नाही. सुई टोचण्याआधी टीममधल्या एकाने स्वतःचं रक्त सगळ्यांसमोर द्यावं. बुडालेल्या दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं द्या, मध्येच उठून गेलेल्यालाही. साडी-भांडी वाटू नका, ते आमिष होतं.

निकालावर सगळ्यात जास्त गावं बिघडतात. सोल्युबिलिटी चाचणी (गावातच होणारी प्राथमिक तपासणी) रक्तात सिकल ‘आहे’ एवढंच सांगते. वाहक (एएस, एकाच पालकाकडून दोष आलेला) की रुग्ण (एसएस, दोघांकडून आलेला) हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांशिवाय कळत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात, तसंच हिमोग्लोबिन फार कमी असलं तर सोल्युबिलिटी चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. नुकतंच रक्त चढवलेलं असलं तर एचपीएलसीचा निकालही भरवशाचा नसतो. त्यामुळे पहिल्या दिवशी कुणालाही ‘तुला सिकल आहे’ म्हणू नका. पक्का निकाल घरी, एकेकाला द्या. यादी अंगणवाडीच्या भिंतीवर लागली की वाहक मुलींचं लग्न अडतं; मुलाचं कुणी विचारत नाही. सांगायचं ते एवढं: वाहक आजारी नसतो, दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. आणि एक नाजूक गोष्ट: मूल वाहक पण आईवडील दोघंही ना वाहक ना रुग्ण असा निकाल आला, तर आधी नळ्यांची अदलाबदल तपासा. तीही नसली तर मुलाचा जन्मदाता दुसरा असल्याचा अर्थ निघतो, म्हणून निकाल एकत्र सांगू नका. त्या घराच्या आयुष्याचा प्रश्न असतो. ही वेळ येऊ शकते हे धरूनच आराखडा करा.

उरलेल्या रक्ताचं काय, हे संमतीपत्रातच हवं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई लोकांनी मधुमेहासाठी दिलेलं रक्त पुढे स्किझोफ्रेनिया आणि स्थलांतराच्या अभ्यासाला वापरलं गेलं. खटला होऊन २०१० मध्ये तडजोड झाली आणि नमुने परत गेले. म्हणून लिहा: कोणत्या चाचण्या, कोणती प्रयोगशाळा, कोणत्या तारखेला नष्ट. नवा अभ्यास असेल तर त्याच ग्रामसभेत परत यायचं, आणि येताना मागच्या वेळचे आकडे त्यांच्या बोलीत, वह्यांवर नव्हे तर चित्रांत घेऊन.