आधी विहीर, मग मालवण

डिसेंबर-जानेवारीत मालवणला स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पालथं तरंगत समुद्राखालचं बघायला, जायचं ठरत असेल तर तयारी दिवाळी झाली की लगेच सुरू करा, आणि ती आपल्या शेतातल्या विहिरीवर करा. लातूर जिल्ह्यातल्या औशाकडच्या आमच्या घरची लहानथोर मंडळी मी अशीच तयार करून समुद्रात उतरवते. तोंडावर मास्क पहिल्यांदा थेट समुद्रातच चढवला की माणूस सगळा वेळ श्वास सांभाळण्यात घालवतो, आणि खालचं बघायचं राहून जातं. ती भीती घरच्या पाण्यात मोडली तर तिथे नुसतं बघायचंच काम उरतं.

पाऊस बरा झाला असेल तर कार्तिकात विहिरींना भरपूर पाणी असतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या कोरड्या वर्षांत वाढलेल्या कितीतरी लेकरांचं विहिरीत पोहायला शिकायचं राहून गेलं. त्यांना आधी पाठीला डबा बांधून पोहायला शिकवा, मास्कचं नंतर. आणि कुणीही एकट्याने उतरायचं नाही. वर पोहता येणारा एक जण बसलेला हवा, कडेला दोर बांधलेला हवा.

मास्क घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. मिशी असेल तर ओठाच्या वरून पाणी झिरपतं, तिथे थोडं व्हॅसलीन लावा. काचेला आतून थुंकी चोळून विसळली की वाफ धरत नाही.

नळीचा सराव पायरीवर बसून, छातीइतक्या पाण्यात करायचा. दात रबरावर, ओठ घट्ट, आणि श्वास तोंडाने, सावकाश, लांब. आखूड श्वास घेतले तर नळीत अडकलेली वापरलेली हवाच परत आत येते आणि जीव कासावीस होतो. माझी धाकटी जाऊ सवयीने नाकाने श्वास सोडायची, की काच धुरकट. मग ती मास्क काढायची, पुसायची, परत घालायची. शेवटी म्हटलं, "अगं, चूल फुंकतेस तसं तोंडाने सोड." तिने डोकं बुडवलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही. पायरीच्या चिरेत बसलेला खेकडा तिला दिसला होता! इतकं जमलं की मुद्दाम नळी पाण्याखाली घालून भरून घ्या आणि एका दमात जोरात फुंकून पाणी वर उडवा. हे न दचकता जमेपर्यंत समुद्राचं नाव काढू नका.

कपड्यांचं आमच्याकडे बायका संकोचाने बोलत नाहीत, म्हणून स्पष्ट सांगते. साडी आणि ओढणी पाण्यात पायांत गुंडाळते, ती काठावरच ठेवा. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा टी-शर्ट पुरेसा आहे. पालथं तरंगताना पाठ आणि मानच उन्हात भाजते, त्यामुळे पुरुषांनीही उघड्या अंगाने उतरू नये.

रस्ता सोपा आहे. तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण. कोल्हापुरात मुक्काम करा आणि घाट दिवसाउजेडी उतरा.

दिवस मात्र कॅलेंडरवर तिथी बघून निवडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. एकादशी म्हणजे अकराची पाऊणपट, सव्वाआठ. सकाळी सव्वाआठच्या सुमाराला पाणी पूर्ण भरलेलं असतं आणि थोडा वेळ थांबल्यासारखं होतं. उतरायला हीच वेळ चांगली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जास्त, तेव्हा नवख्यांना नेऊ नका. हा हिशेब अंदाजाचा आहे, नेमकी वेळ तिथल्या होडीवाल्याला विचाराच.

पहिला दिवस चिवल्याला. मालवणला लागूनच आडोशाचा, पांढरट वाळूचा, कमानीसारखा वळलेला किनारा आहे. तारकर्लीचा किनारा देखणा, पण लांबलचक आणि उघडा, म्हणून नवशिक्यांना मी इथेच आणते. चिवल्याला कोळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर त्यांच्या दोरांपासून लांब राहा, त्यांचं पोट त्यावर आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे विहिरीपेक्षा अंग जास्त तरंगतं आणि पाय आपोआप वर येतात. हात मारू नका, पडून राहा. पण विहिरीत चार हात मारले की कडा लागते, इथे कडा नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही लाइफ जॅकेट काढायचं नाही. पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा, मग वळा.

दुसऱ्या दिवशी होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतलेल्या त्या तटाच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि 1987 पासून मालवणचा हा समुद्र अभयारण्य आहे. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, त्याच्यावर पाय टेकवू नका. दमलात तर उताणे व्हा. पिवळसर पाठीवर पाच काळे पट्टे असलेले मासे थव्याने अंगाजवळ येतात. पाण्यात सगळं खऱ्यापेक्षा जवळ आणि मोठं दिसतं, म्हणून लेकरं हात पुढे करतात आणि मासा लांबच राहतो. मासे जमावेत म्हणून कुणी पाव टाकायला निघालं तर "नको दादा, असेच बघतो" म्हणा. हलायचं थांबलात की ते आपणहून येतात.

प्रवाळाचा तुकडा वाळूत पडलेला दिसला तरी उचलून आणू नका, कायद्याने बंदी आहे. मुक्कामावर आलात की मास्क-नळी गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. मीठ तसंच राहिलं तर पट्ट्याची बकलं धरतात. जूनच्या आत विहीर आटते, तोवर पुढच्या वर्षी येणाऱ्या भाच्यांच्या तोंडाला हाच मास्क बसतो का, ते बघून घ्या.