तांबी काढायची? आधी पुढचं साधन ठरवा

तांबी (गर्भाशयात बसवलेली कॉपर-टी) काढली की त्याच दिवसापासून दिवस राहू शकतात. ‘इतकी वर्षं होती, आता लगेच काही होत नाही’ हा समज खोटा आहे. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना कोणी सांगतच नाही: पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतं, म्हणून काढण्याआधीच्या आठवड्यातल्या संबंधातूनही गर्भ राहू शकतो. मूल हवं असेल तर चांगलंच. नको असेल तर आधीचे सात दिवस निरोध वापरा किंवा संबंध टाळा.

तांबी कधीही काढता येते, पण पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत गेलात तर साधन बदलणं सोपं जातं. तांबीचं कार्ड सोबत न्या (कॉपर-टी ३८० ए ची मुदत १० वर्षं, ३७५ ची ५ वर्षं). दुखण्याची भीती वाटत असेल तर जेवून, तासभर आधी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम घेता येते. अल्सर, किडनीचा त्रास किंवा या गोळीची ॲलर्जी असेल तर नको.

डॉक्टर स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरणारं साधन) लावून पिशवीचं तोंड पुसतात, दोरे चिमट्यात धरतात आणि सावकाश, एकसारखे ओढतात. झटका दिला तर दोरा तुटू शकतो. टी चे दोन्ही हात वर मिटतात आणि ती खाली सरकते. पोटात एक कळ येते, बहुतेक वेळा मिनिटभरात काम होतं. निघालेली तांबी दाखवायला सांगा, संकोच नको: उभी दांडी आणि दोन्ही हात शाबूत हवेत.

दोरे दिसलेच नाहीत तर आधी गरोदरपणाची तपासणी, मग सोनोग्राफी. पिशवीत असेल तर बारीक चिमट्याने किंवा दुर्बिणीने काढतात. तिथे नसेल तर पोटाचा एक्स-रे लागतोच. तांबी नकळत पडून गेली की पिशवीबाहेर सरकली, हे त्याशिवाय कळत नाही. घरी स्वतः दोरा ओढू नका.

नंतर दोन-चार दिवस थोडं डागाळणं चालतं. ताप, घाण वासाचा स्राव किंवा वाढत जाणारी ओटीपोटातली कळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता पुढचं साधन. नवी तांबी त्याच बैठकीत बसवता येते. माला-एन गोळ्या किंवा अंतरा इंजेक्शन पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केलं तर तांबी त्याच दिवशी काढा. इतर दिवशी सुरू केलं तर तांबी आणखी सात दिवस राहू द्या, मग काढा. हाच सर्वांत निर्धास्त मार्ग. अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचं. वर्षभरात मूल हवं असेल तर ते घेऊ नका, कारण बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. रक्तदाब जास्त असेल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पीत असेल, किंवा डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमकत असेल, तर अशांना माला-एन चालत नाही. छाया गोळीत माला-एनसारखं इस्ट्रोजेन हे संप्रेरक नसतं: पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, नंतर आठवड्यातून एकदा. ही साधनं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

नवऱ्याने नसबंदी केली म्हणून लगेच तांबी काढायला जाऊ नका. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने थांबा, वीर्यतपासणीत पुरुषबीज नाही असं लेखी येऊ द्या, आणि मगच काढा.