जम्मूच्या पुढे जाणाऱ्या ट्रेलरची नाशकातली तयारी

ट्रेलरवर नव्यानं बसलेल्या ज्या मुलांना यंदा काश्मीरकडचा माल मिळणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की आपल्याकडे थंडी पडली म्हणतात. तेवढ्या थंडीत आडगाव नाक्यावर उभा घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) सकाळी सेल्फ जरा जास्त खातो, बाकी काही नाही. काश्मीर खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या काझीगुंडला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याखाली असतो आणि बर्फ किंवा दरड पडून रस्ता बंद झाला की ट्रकच्या रांगा तिथेच मुक्काम करतात. चालत्या गाडीचं थंडीत फारसं अडत नाही. रात्रभर बंद राहिलेली गाडी अडते. तयारी त्या रात्रीची करायची.

सगळ्यात आधी डिझेल. त्यात मुळातच मेण असतं. थंडीत खोबरेल तेल थिजतं तसं ते थिजायला लागतं आणि पहिल्यांदा फिल्टर तुंबतो. आपल्या देशाच्या मानकात ज्या तापमानापर्यंत डिझेल फिल्टरमधून जायला हवं, ती मर्यादा उन्हाळ्यासाठी १८ अंश आणि हिवाळ्यासाठी ६ अंश आहे. म्हणजे नाशकात टाकी फुल्ल करून तेच डिझेल जम्मूपुढच्या डोंगरात बनिहालपर्यंत नेण्यात काही अर्थ नाही. हिशेब असा ठेवा की जम्मूला पोचेपर्यंत टाकी उतरलेली असेल, मग तिथल्या चालत्या, म्हणजे खप जास्त असलेल्या पंपावर भरा आणि पुढे थोडी गाडी चालवा, म्हणजे नवं डिझेल फिल्टरपर्यंत पोचतं. लडाखसाठी तर २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल मिळतं. रॉकेल मिसळायचा जुना उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, बीएस-सिक्स (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीचा पंप आणि इंजेक्टर त्यानं खराब होतात. टाकीखाली जाळ तर कधीच करायचा नाही. माणसं भाजतात.

निघायच्या आदल्या दिवशी वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा) खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि उजेडात धरा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. फक्त डिझेल येईपर्यंत सोडत राहा. हेच पाणी वर डोंगरात गोठून लाइन बंद करतं. एक जादा फिल्टर आणि तो खोलायचा पाना केबिनमध्येच असू द्या.

कूलंटकडे आपल्या भागातल्या गाड्यांनी खास बघायला हवं. उन्हाळ्यात कसारा घाट चढताना गाडी तापली की मिळेल ते पाणी ओतलं जातं. नोव्हेंबर येईपर्यंत रेडिएटरमध्ये रंग उरतो, कूलंट उरत नाही. अर्धं कूलंट, अर्धं शुद्ध पाणी असेल तर उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत भीती नसते. साधं पाणी गोठताना फुगतं आणि ब्लॉकला तडा देतं. रंगावर जाऊ नका, गॅरेजमध्ये रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंटचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) थेंब टाकून बघायला सांगा.

मग ब्रेकची हवा. हवेच्या टाक्यांच्या खालच्या ड्रेनची कडी ओढून पाणी काढा. ट्रेलरची स्वतःची टाकी असते, ती बहुतेकजण विसरतात. दुधाळ, तेलकट पाणी आलं तर एअर ड्रायरचं (हवेतली ओल शोषणाऱ्या भागाचं) कार्ट्रिज बदला. व्हॉल्व्हमध्ये पाणी गोठलं की ब्रेक सुटत नाही, किंवा लागत नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट. ओल्या रस्त्यावरून आलात तर थांबण्याआधी हलके ब्रेक मारत ड्रम कोरडे करा, नाहीतर सकाळी ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले सापडतील. चाकांना गुटके लावाच.

बॅटऱ्या दोन्ही एकाच वयाच्या हव्यात. एक कमजोर असली की दुसरीलाही खाली ओढते. अर्धवट चार्ज असलेली बॅटरी थंडीत स्वतःच गोठू शकते.

राहिला युरिया, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रावण. तो उणे ११ अंशांवर गोठतो. टाकी काठोकाठ भरू नका, फुगायला जागा ठेवा. गोठला तरी घाबरायचं कारण नाही, इंजिन तापलं की गरम कूलंटनं वितळतो. मात्र चावी बंद केल्यावर लगेच बॅटरीचा कट-ऑफ (वीज तोडणारा स्विच) दाबू नका. पंप लाइनमधला युरिया मागे टाकीत ओढून घेत असतो. तो आवाज थांबू द्या, मग कट-ऑफ.